आपल्या बाजूला

चौकाच्या तोंडाशी अप्पांनी उजव्या हाताची दांडी खाली ओढली आणि कडकडीत उन्हात काचेवरचे वायपर खर्र-खर्र फिरू लागले.

"अप्पा, पाऊस नाहीये," शेजारी बसलेली सून म्हणाली.

"काच पुसून घेतोय," अप्पा म्हणाले. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वळायचं कळवायची दांडी इथे परदेशात डाव्या हाताला होती हे त्यांना माहीत होतं. काल माहीत होतं, परवाही माहीत होतं. हाताला मात्र माहीत नव्हतं.

वायपर बंद करायच्या गडबडीत गाडी हिसका देऊन बंद पडली. मागे एक गाडी येऊन थांबली. अप्पांनी किल्ली फिरवली, पाय दाबला, आणि गिअर टाकायला डावा हात खाली नेला. तिथे गिअर नव्हता, दार होतं. बोटाखाली कसलंसं बटण आलं आणि शेजारची काच सुळकन खाली गेली. बाहेरचा वारा आत आला.

"गिअर इकडे, अप्पा. माझ्या बाजूला."

"माहीत आहे गं."

मागच्याने हॉर्न वाजवला. एकदाच, तोही हलकेच. इथली माणसं हॉर्नही माफी मागितल्यासारखा वाजवत. चौकातून डावीकडून गाड्या येत होत्या, उजवीकडून येत होत्या, आणि आधी कुठे बघायचं तेच त्यांना सुचेना. शेवटी डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी तशी त्यांनी गाडी पुढे घातली. चौक पार झाला. सुनेने इतका वेळ छताजवळच्या मुठीला धरलेला हात खाली घेतला आणि पोटावर ठेवला. तिला आठवा महिना लागला होता.

अप्पांना भीती वाटत होती. घाबरलो म्हणून हसून सांगता येते तसली नव्हे, तर सकाळी जाग आल्याआल्या छातीवर येऊन बसणारी. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कसं? बोटीवर नोकरीला असलेला मुलगा फोन करी तेव्हा, "अरे, मी आख्खा जन्म टेम्पो चालवला, ही तुझी खेळण्यातली गाडी काय घेऊन बसलास!" असं तेच छाती फुगवून सांगत.

त्यात खोटं काही नव्हतं. अप्पांचं फर्निचरचं दुकान होतं आणि कपाटं, दिवाण, जेवणाची टेबलं ते स्वतःच्या टेम्पोतून स्वतः पोचवत. समोरून बैल आला तर बैलालाच मागे जावं लागेल अशा बोळांतून त्यांनी टेम्पो उलटा बाहेर काढला होता. आणि खरी पंचाईत तीच होती. ज्याला काहीच येत नाही त्याला नवं शिकवता येतं. अप्पांना सगळं येत होतं, फक्त उलट्या बाजूने. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेने चालत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अप्पांना ही म्हण हल्ली फार शब्दशः ऐकू येऊ लागली होती.

खरं तर यायचं होतं त्यांच्या बायकोने. सुनेची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासूच करणार हे ठरलेलं. पण ऐन वेळी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या. "सुनेच्या बाळंतपणाला सासरा निघालाय!" म्हणून गल्लीभर हसू झालं. अप्पाही हसले. डिंकाचे लाडू कसे करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, बाळाला अंघोळ कशी घालतात तेही नव्हतं. पण गाडी चालवता येत होती, आणि तेवढ्यासाठीच त्यांना बोलावलं होतं.

कारण घर गावाबाहेर होतं. मुलगा महिना-महिना समुद्रावर. बाळंतपणाच्या सुमारास त्याला सुट्टी मिळेलही, न मिळेलही. अँब्युलन्स यायची ती हॉस्पिटलच्याच गावातून, म्हणजे यायला तेवढा रस्ता आणि जायला तेवढाच. आणि टॅक्सीचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. दोन वर्षांपूर्वी सुनेने टॅक्सी बोलावली होती. टॅक्सीवाल्याला घर सापडलं नाही. तो भलत्याच वस्तीत फिरत राहिला आणि ती दाराच्या पायरीवर पोट धरून बसून राहिली. ते बाळ राहिलं नाही. अप्पांना ही हकिकत मुलाने फोनवर तीन वाक्यांत सांगितली होती. सून त्यावर कधीच काही बोलली नव्हती, आणि अप्पांनी विचारलं नव्हतं.

फक्त आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली होती.

"अप्पा, डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यापासून मी चालवायची नाही. तुम्हाला जमेल ना?"

"झोपेत जमेल," अप्पा म्हणाले होते.

आता झोपेतच तेवढं जमत होतं. स्वप्नात ते आपला टेम्पो घेऊन भरधाव जात.

शिकवणी सुरू झाली ती एका बंद पडलेल्या दुकानासमोरच्या मोकळ्या आवारात. तिथे आपटायला एक दिव्याचा खांब सोडला तर काही नव्हतं, आणि अप्पांना त्या खांबाचीही धास्ती वाटे. सून शेजारी बसून शांतपणे सांगे. तिचा स्वभावच तसा, ताकही फुंकून पिणारा. पण तोंडाने थट्टा चालू असे.

"गोल चौक आला की वर्तुळ डाव्या हाताला ठेवायचं. उलटी प्रदक्षिणा घालायची."

"देव कोपेल."

"इथला देव तसाच आहे. सुलटी घातलीत तर कोपेल."

हळूहळू हात थोडे ऐकू लागले. दुपारी सून झोपली की अप्पा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसत, पोळपाट दोन्ही हातांत उभा धरत आणि चक्रासारखा फिरवत. उजवा हात मधूनच खाली आणून हवेत गिअर टाकत. तोंडाने पुटपुटत, "डावीकडे बघ, उजवीकडे बघ, परत डावीकडे." एकदा मान वळवली तर सून दारात उभी. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पोळपाटाकडे पाहिलं.

"पोळ्या मी करेन हो, अप्पा," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला भरून घेऊन परत गेली. त्या दिवशी अप्पांनाही हसू आलं.

पण रस्त्यावर आलं की हसू पळून जाई. रस्त्यात ते सारखे उजवीकडे सरकत. इतकी वर्षं गाडीचं धूड त्यांच्या डाव्या हाताला असे. आता ते उजव्या हाताला होतं आणि किती लांब पसरलंय त्याचा अंदाज येत नव्हता. मग एक दिवस घराच्याच गल्लीत उजवीकडचा आरसा शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यावर आपटला. खाडकन आवाज झाला आणि आरसा वायरीला लोंबकळत राहिला. सून किंचाळली नाही. नुसती आक्रसली, पोटाभोवती दोन्ही हात घेऊन. तिचं ते आक्रसणं अप्पांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आरसा चिकटपट्टीने बसवला, पण त्या दिवसापासून त्यांनी उजव्या कडेची धास्ती घेतली आणि जिथे मधली पांढरी रेघ नसेल तिथे रस्त्याच्या मधोमध चालवू लागले.

"जरा बाजूला घ्या ना," सून म्हणे.

"घेतो की," अप्पा म्हणत. घेत मात्र नसत.

तपासणीचा दिवस आला. सून म्हणाली, आज घरापासून हॉस्पिटलपर्यंत सगळा रस्ता तुम्हीच चालवायचा, मी नुसती बसणार. रंगीत तालीम म्हणा. अप्पांनी सकाळचा चहा अर्धा टाकला. बुटाची नाडी दोनदा चुकीची बांधली गेली, तेव्हा ते पाठ करून बसले.

"अप्पा, नको वाटत असेल तर..."

"नको काय वाटायचंय? चल."

गावाबाहेरचा रस्ता बरा गेला. दोन गोल चौक त्यांनी उलट्या प्रदक्षिणेने पार केले. वायपर एकदाही फिरले नाहीत. सुनेने मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला हे त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं आणि छाती जरा मोकळी झाली. तिने बोलायलाही सुरुवात केली.

"तुमच्या चिरंजीवांचा निरोप आलाय. म्हणतात, बाळासाठी पाळणा विकत घेऊ नका. अप्पांना करू दे."

"लाकूड कुठे मिळतं इथे?"

"मिळतं. इथे सगळं लाकडाचंच तर आहे."

"मग करतो. पण असा करतो की सुटा करून नेता येईल. तुम्ही तिकडे याल तेव्हा विमानात घालता आला पाहिजे."

ती हसली. अप्पांच्या मनात तो हिशेब पक्का होता. मुलगा तीन वर्षांच्या करारावर आला होता. करार वाढला, पुन्हा वाढला. पण दर फोनवर तो म्हणे की एवढा संपला की आलोच. म्हणून तर अप्पांनी दुकानावर वरचा मजला चढवला होता. सून दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली होती तेव्हा तिनेच जिन्यात उभं राहून सांगितलं होतं की स्वयंपाकघराची खिडकी मोठी ठेवा. ती ठेवली होती. मजला तयार होऊन कुलूप घालून ठेवलेला होता आणि दर आठवड्याला अप्पा वर जाऊन खिडक्या उघडून यायचे.

मोठा रस्ता संपला आणि शेतांमधून जाणारा अरुंद रस्ता लागला. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, आणि मधली रेघ पार पुसलेली. आता पुढे-मागे कोणी नव्हतं. अप्पा मधोमध चालले होते. उजवीकडचा चर त्यांना दिसत होता आणि आरशाचा तो खाडकन आवाज कानात होता. रस्ता पुढे चढावर जात होता आणि चढापलीकडचं काही दिसत नव्हतं.

चढाच्या माथ्यावर ट्रक उगवला. आधी टप दिसला, मग काच, मग सगळाच, रस्ता भरून.

"अप्पा, ट्रक! बाजूला घ्या! आपल्या बाजूला! आपल्या बाजूला!"

आणि अप्पांनी ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हातांनी क्षणभरही तळ्यात-मळ्यात केलं नाही. आपल्या बाजूला म्हणताच दोन्ही हातांनी चक्र पक्कं धरलं आणि गाडी डावीकडे घातली.

ट्रकही तिकडेच होता.

हॉर्न असा वाजला की तो कानातून न येता हाडांतून आला. अप्पांचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच खिळला. टायर किंचाळले. काचेत ट्रकचं तोंड मोठं मोठं होत गेलं, त्यावरचे चिलटांचे डागसुद्धा दिसले. मग सगळं थांबलं. धूळ आली आणि गाडीवरून निघून गेली. ट्रकचं एका बाजूचं चाक कुंपणाच्या तारांत घुसलं होतं आणि त्याचं नाक अप्पांच्या गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर होतं.

अप्पांनी मान उजवीकडे वळवली. सून सरळ बसली होती. पट्टा पोटाच्या खालून होता, जिथे असायला हवा तिथे. तिचे दोन्ही हात पोटावर होते आणि ओठ पांढरे पडले होते.

ट्रकवाला उतरून आला. दांडगा माणूस, तोंडाने काहीतरी ओरडत. खिडकीशी वाकला तेव्हा त्याला आत सून दिसली, तिचं पोट दिसलं, आणि त्याचं ओरडणं मध्येच संपलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. सुनेला काही विचारलं. तिने मान हलवली. मग त्याने अप्पांकडे पाहिलं आणि हाताने, लहान मुलाला दाखवावं तसं, रस्त्याची दुसरी बाजू दाखवली. अप्पांनी हात जोडले. तो गेला, ट्रक तारांतून मागे काढला आणि त्यांच्या शेजारून सावकाश निघून गेला.

अप्पांनी गाडी उजव्या कडेला नेऊन बंद केली. हे त्यांनी कसं केलं ते त्यांना नंतर आठवेना.

सून ऐकत होती; कानांनी नव्हे, हातांनी. अप्पांना समजलं ती कशाची वाट बघतेय. त्यांना विचारायचं होतं, हलतंय का? पण सासऱ्याने सुनेला असं कसं विचारावं? बायको असती तर तिने सरळ पोटावर हात ठेवला असता. अप्पांनी आपले हात मांडीखाली दाबून धरले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मनात देवाचं नाव येईना, नुसतं "हल, हल, हल" एवढंच येत होतं. आयुष्यात इतके ते कधी घाबरले नव्हते. घाटात टेम्पोचे ब्रेक निकामी झाले होते तेव्हाही नाही. तेव्हा गाडीत ते एकटेच होते.

एक पाखरू तारेवर येऊन बसलं आणि उडून गेलं.

"मारली," सून म्हणाली.

"काय?"

"लाथ मारली." आणि ती रडायला लागली. रडता रडता मध्येच हसली, पुन्हा रडली. अप्पांनी डॅशबोर्डवरचा रुमालांचा डबा तिच्यापुढे धरला आणि मग त्यातला एक स्वतः घेतला.

बऱ्याच वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "मी आपल्या बाजूला म्हटलं होतं, अप्पा."

तक्रार नव्हती त्यात. झालं काय, ते ती नुसती समजून घेत होती.

"मी आपल्याच बाजूला घेतली, पोरी," अप्पा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खाली बघितलं आणि पट्टा उगाचच सारखा केला. अप्पांनी किल्ली फिरवली.

हॉस्पिटलमध्ये सुनेने नर्सला काय सांगितलं ते अप्पांना कळलं नाही. पण नर्सने मान वर करून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सुनेला ताबडतोब आत नेलं. अप्पा बाहेरच्या ओळीने लावलेल्या खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीवर बसले. दार पूर्ण लागलेलं नव्हतं. आतून कुठल्याशा यंत्रातून आवाज येऊ लागला, घोडा दौडत निघावा तसा भराभर. अप्पांना आधी वाटलं यंत्र बिघडलंय. मग त्यांना समजलं ते काय आहे, आणि त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

तो आवाज ऐकत बसले असताना त्यांच्या मनात तिचा शब्द परत आला. आपल्या बाजूला. ट्रक अंगावर येताना माणूस विचार करून बोलत नाही. तेव्हा तोंडातून येतं ते तळातलं येतं. आईला हाक मारतात ती तेव्हाच. फोनवर सून नेहमी म्हणे, "आपल्याकडे काय हवा आहे?" आणि त्या 'आपल्याकडे'चा अर्थ घर, दुकान, गल्ली, वरचा मजला असाच अप्पा घेत आले होते. ती खोटं बोलत नव्हती. मोठ्या माणसांशी बोलताना माणूस त्यांचा शब्द वापरतो, त्यांच्या घरी गेलं की त्यांच्या पाटावर बसतो, तसं. पण जीव जायची वेळ आली तेव्हा तिची बाजू ही होती, ट्रकवाल्याने हाताने दाखवली ती. मुलगा अजून 'एवढा करार संपला की' म्हणत होता. कदाचित त्याला स्वतःलाही माहीत नसेल. तिला माहीत असेल का? आज, त्या पाखरासमोर, तिला आणि आपल्याला एकदमच कळलं असावं असं अप्पांना वाटलं.

छातीतली सकाळची भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी आणखी एक येऊन बसली. ही वेगळी होती. हिच्यापुढे ब्रेक दाबून उपयोग नव्हता.

सून बाहेर आली. "सगळं ठीक आहे म्हणाल्या. दोघंही ठीक."

अप्पांनी किल्ली तिच्यासमोर धरली. मग ती चालवू शकत नाही हे आठवून हात मागे घेतला.

"टॅक्सी बघूया का?" ते म्हणाले. त्यांनी तो शब्द उच्चारला तेव्हा त्यांचीच जीभ अडखळली.

"टॅक्सी नको."

"दुसरं कोणी तरी..."

"दुसरं कोणी नाहीये, अप्पा."

"मला भीती वाटते गं," अप्पा म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदा म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं की कॉरिडॉरमधली सगळी माणसं आपल्याकडे बघतायत; पण कोणी बघत नव्हतं.

"मलाही वाटते," सून म्हणाली. "चला. ऊन उतरायच्या आत घरी पोचू."

ती मागे बसेल असं त्यांना वाटलं होतं. ती पुढेच बसली. पट्टा लावला, मूठ धरली नाही.

परत जाताना अप्पा इतके सावकाश चालवत होते की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. सुनेने त्यावर काही थट्टा केली नाही. अरुंद रस्ता आला, तारांचं वाकलेलं कुंपण आलं आणि मागे गेलं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. अप्पा उजव्या कडेने चालले होते, कुंपणाच्या अगदी जवळून. तारांची भीती वाटत होती, पण ते हटले नाहीत.

"आता कसं छान जमतंय," सून म्हणाली. आवाजात मुद्दाम आणलेला हलकेपणा होता. "पण अप्पा, एक पंचाईत होणार बघा. हे एकदा हातात बसलं ना, की तिकडे गेल्यावर तुमचं काही खरं नाही. टेम्पो चालवायला परत पहिल्यापासून शिकावं लागेल."

अप्पांनी डोळे रस्त्यावरून काढले नाहीत.

"तिकडे आता मला कुणाला कुठे न्यायचंय?" ते म्हणाले.

सून त्यांच्याकडे वळलीय हे त्यांना न बघताही समजलं.

"अप्पा..."

"थांब. गाडी येतेय समोरून."

खरंच येत होती, एक लांबलचक भरलेला ट्रक. अप्पांनी उजव्या हाताने गिअर खाली आणला, गाडी आणखी उजवीकडे घेतली. चाकाखाली गवत वाजलं. ट्रक खडखडत शेजारून गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी जराशी डुलली, आणि मग रस्ता पुन्हा मोकळा झाला. लांबवर काही दिसत नव्हतं.

आता बोलायला हरकत नव्हती. अप्पा वाट बघत राहिले. असं काय म्हणता अप्पा, आम्ही येणारच आहोत ना, एवढं ती म्हणेल. खोटंखोटं म्हणाली तरी चालेल असं त्यांना वाटत होतं. एक शेत गेलं, दुसरं गेलं. ती बाहेर बघत होती, एक हात पोटावर.

रस्ता संपत आला. पुढे मोठा रस्ता दिसू लागला, तिथून वळायचं होतं.

"इथून उजवीकडे, अप्पा," ती हळूच म्हणाली.

अप्पांना ते वळण पाठ होतं. त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने दांडी वर केली. वायपर फिरले नाहीत. दिवा लुकलुकू लागला.